टाचणी समुद्रात

एलिसेओ बारियांच्या हार्डवेअरची सात दुकानं,
चिलीचं शेपूट जिथे तुटून बेटं होतं, त्या भागात.
आणि माझ्याकडे पान एकच.
"गावाचं नाव तेवढं बदल," ते म्हणाले,
"खिळा इथेही खिळाच, तिथेही खिळाच."

म्हणून पहिल्या दिवशी मी सात पानं केली,
एका माळेचे मणी :
शहराच्या मध्यवर्ती भागात, प्रशस्त दालन, पार्किंगची सोय.
आंकुद मध्यवर्ती. केइलेन मध्यवर्ती.
जेमतेम चाळीस उंबऱ्यांचं पुकिल्वे,
जिथे गाडी पोचतच नाही,
तेसुद्धा मध्यवर्ती, पार्किंगसकट.

नकाशावर टाचणी टोचली, ती समुद्रात पडली.
यंत्राच्या मते आमची केइलेन शाखा
शिंपल्यांच्या दोरांखाली, अठरा वाव खोल,
सकाळी नऊ ते सहा, रविवारी बंद.

मग मी फोन लावत सुटले.

केइलेनची मारितेरे दातांत खिळे धरल्यासारखी बोलते.
"रस्त्याला नाव आहे, पण ते कुणाला ठाऊक नाही.
लिही, धक्क्यावरून चढ चढून या,
पालथी निळी होडी दिसेल, तिच्या पुढचं दार.
होडी कुणी विकत घेतली तर कळवीन."

आंकुदच्या एलादियोनं आधी घसा खाकरला.
"एक ते तीन बंद.
कारण लिहायला जागा आहे का तिथे?"
नाही, म्हटलं.
"बरं झालं."

कोयाइकेत हिवाळ्यात कुणी भाव विचारत नाही,
विचारतात, खिंड उघडी आहे का.
तर तिथल्या पानाच्या माथ्यावर, किमतींच्याही वर,
एक ओळ मोकळी ठेवली,
जी दुकानातला पोरगा रोज सकाळी
बोटांवर फुंकर घालत बदलेल :
उघडी.
बंद.
चाकांना साखळ्या बांधून या.

पुकिल्वेकडून दाराचा फोटो मागवला,
आला कुत्र्याचा.
दार होतं मागे, डावीकडे, अर्धंच.
"लोक यालाच ओळखतात," खाली लिहिलेलं.
मी फोटो कापला नाही.

होता होता सातवं पान उरलं.
ते दुकान दोन वर्षांपूर्वी नदीनं नेलं,
गल्ला, वजनकाटा, उधारीची वही, सगळं एका रात्रीत.
"काढून टाकू?" मी विचारलं.
एलिसेओंच्या मागे किटलीचं झाकण वाजत होतं.
"अजून कुणी शोधतं का ते?"
मी आकडे पाहिले. महिन्याला एकतीस जण,
बरेचसे रात्री अकरानंतर.
"अकराला कुणाला खिळे लागतात?"
मला उत्तर सुचलं नाही.
त्यांनी किटली उतरवली असावी,
कारण मग काहीच वाजेना.

आता त्या पानावर वेळापत्रक नाही.
टाचणी आहे, होती तिथेच,
म्हणजे हल्ली नदीच्या पात्रात,
आणि या खेपेला यंत्राची चूक नाही.
खाली त्यांनी सांगितलेल्या ओळी, जशाच्या तशा :
दुकान गेलं.
माल लागला तर एकशे चाळीस किलोमीटरवर फाबिओलाला भेटा.
उधारीची वही वाहून गेली,
आता आमचं कुणीही देणं लागत नाही.

मी म्हणाले होते, शेवटची ओळ धंद्याला बरी नाही.
ते म्हणाले, टाक.

गेल्या मंगळवारी, रात्री अकरा चाळीसला,
त्या पानावरून पहिला निरोप आला :
मी लागतो.
दीड इंची, दोन किलो. आणि एक कुलूप.

नाव लिहिलं होतं, पुसट वाटावं इतकं साधं.
पत्त्याचा रकाना कोरा.
तो सक्तीचा ठेवायचा असतो, सगळे ठेवतात.
या एका पानावर मी ठेवला नव्हता.